सुटला आणि सोडला : साक्ष, स्मृती आणि दुसरी भाषा



ज्यांना आपण सारे नुसते 'हेडसर' म्हणत आलो, त्यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. याच आवारात, पलीकडच्या कौलारू वर्गात, मी आठवीत असताना एका निबंधात 'खेळता खेळता खिडकीची काच फुटली' असे लिहिले होते. वही परत आली तेव्हा समासात तांबड्या शाईने सरांचा प्रश्न होता : 'फुटली, की फोडलीत?' काच आमच्याच चेंडूने गेली होती आणि ते सरांना पक्के ठाऊक होते. शिक्षा काही झाली नाही. पण तो प्रश्न पुढे एका फार वेगळ्या जागी मला आठवायला हवा होता आणि तिथे नेमका आठवला नाही. आज त्याविषयी बोलायचे आहे.

प्रथम एक खुलासा करतो. मराठीचा निवृत्त प्राध्यापक बोलणार म्हटल्यावर संतसाहित्य किंवा नवकाव्य अपेक्षित असते. आणि तो बेळगावचा असला तर सीमाप्रश्न. या गावात भाषेचा विषय निघाला की लोक बाह्या सरसावतात. मी त्या वाटेला जाणार नाही. माझा विषय लहान आहे. माणूस एका भाषेत पाहतो, आठवतो आणि बोलतो. आणि त्याचे बोलणे दुसऱ्या भाषेत कागदावर उतरते. या प्रवासात त्या बोलण्याचे काय होते, आणि ते कागदावरून पुन्हा त्याच्याकडे परत आले म्हणजे त्याच्या आठवणीचे काय होते, एवढेच मला पाहायचे आहे.

१९७७ सालचा मे महिना. महाविद्यालयात अधिव्याख्याता म्हणून लागून मला दोन वर्षे झाली होती. आमचे आजोळ गोकाककडचे. आजी कन्नडच बोले. त्यामुळे दोन्ही भाषा मला सारख्याच येतात, अशी माझी प्रामाणिक आणि तरुण वयाला शोभेल अशी समजूत होती. एके दुपारी पोलीस ठाण्यातून माणूस मला बोलवायला आला. जवळच्या एका खेड्यात दोन चुलतभाऊ सामायिक विहिरीचा गाळ काढत होते. वर येताना थोरला तोल जाऊन खाली खडकावर पडला आणि संध्याकाळपर्यंत वारला. दोघांत बांधावरून कुरबुर होती, म्हणून गावात कुजबुज सुरू झालेली. धाकट्याला जबाबासाठी आणले होते. वय फार तर बावीस. त्याला मराठीखेरीज काही येत नव्हते. अंमलदार धारवाडकडचे, त्यांना मराठी समजत नव्हते, आणि मराठी जाणणारा हवालदार रजेवर होता. अंमलदार भले गृहस्थ होते, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. त्यांनी त्या मुलाला पाणी दिले, बसायला बाक दिले आणि आवाज चढवला नाही. त्या खोलीत दुष्ट असे कोणीही नव्हते.

मुलगा म्हणाला, "वर घेत होतो त्याला. माझ्या हातनं त्याचा हात सुटला."

मी कन्नडमध्ये सांगितले : 'अवन कै बिट्टे अंताने.' म्हणजे, त्याचा हात सोडला असे म्हणतो.

अंमलदारांनी लेखणी थांबवून वर पाहिले. 'याक बिट्टि?' मी मुलाकडे वळून विचारले, "का सोडलास?"

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "चिखल होता हाताला." तेही मी सांगितले आणि तेही लिहिले गेले. हाताला चिखल असल्याने मी त्याचा हात सोडला.

'का सोडलास?' या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर 'सोडला' हे आधी मान्य करूनच द्यावे लागते. 'मी सोडला नाही, तो सुटला' अशी दुरुस्ती करायला साहेबांशी वाद घालण्याची ताकद लागते, आणि विहिरीतून नुकत्याच वर आलेल्या बावीस वर्षांच्या मुलाजवळ ती नव्हती. माझ्याजवळ व्याकरण होते, पण मी ते वापरले नाही. कन्नड भाषेचा यात तिळमात्र दोष नाही. 'कै जारितु', हात निसटला, असे तिच्यात सरळ म्हणता येते. घाईत मला जो जवळचा धातू सापडला तो 'बिडु' आणि कर्ता 'मी'. त्यातही 'कै बिडु' याचा दुसरा अर्थ वाऱ्यावर सोडणे, टाकून देणे असा आहे, आणि तो ऐकणाऱ्याच्या कानात आपोआप वाजतो.

हे असे का झाले, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. सीमाभागातल्या आपल्या माणसांना एक भ्रम असतो : या दोन भाषांत भाषांतर म्हणजे नुसते शब्दाला शब्द ठेवणे. या भ्रमाला आधारही आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावी कन्नड, मराठी आणि उर्दू शेकडो वर्षे शेजारी नांदल्या. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तेथील बोलींवरचा आपला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. तिथल्या बोलींची वाक्यरचना इतकी एकमेकींसारखी झाली होती की एकीचे वाक्य दुसरीत जवळजवळ शब्दास शब्द नेता येई. 'मला आठवण आली', 'ननगे नेनपु बंतु' : साचा तोच. माझ्या पीएच.डी.च्या कामात या सारखेपणाचे मी कौतुकच केले होते. परंतु शंभर वाक्ये जशीच्या तशी जातात म्हणून एकशे एकावे वाक्य जात नाही तेव्हा ते आपल्या लक्षात येत नाही. मुंबईहून आलेला दुभाषी कदाचित अडखळला असता आणि अडखळल्यामुळे वाचला असता.

आता मराठीचे थोडे व्याकरण. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे अशा जोड्या आपल्या भाषेत विपुल आहेत. एकीत घटना घडते, दुसरीत कोणीतरी ती घडवतो. पण मराठीने या दोहोंच्या मधोमध आणखी एक जागा ठेवली आहे : 'माझ्या हातून'. 'माझ्या हातून कप फुटला' असे म्हणणारा माणूस आपला संबंध नाकारत नाही. तो फक्त हेतू नाकारतो. न्यायाच्या दृष्टीने हीच जागा सर्वांत मोलाची, आणि भाषांतरात हीच सर्वांत आधी गळते.

हे आपल्यापुरतेच नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पोलिसांनी स्पॅनिश भाषकांच्या घेतलेल्या जबाबांचा अभ्यास लुना फिलिपोविच या विदुषींनी केला आहे. 'से मे कायो' ही स्पॅनिश रचना आपल्या 'माझ्या हातून पडले'च्या फार जवळची. तिच्यात बोलणारा आहे, पण मुद्दाम करणारा म्हणून नाही. तिचे इंग्रजी मात्र 'मी पाडले' या अंगाने होते. कुठे कॅलिफोर्निया आणि कुठे बेळगावजवळची विहीर! ते वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

'म्हणे' या आपल्या इवल्याशा शब्दाचेही असेच आहे. 'तो रात्री आला म्हणे' यात साक्षीदाराने स्वतः पाहिलेले काहीच नाही. ऐकीव आहे हे त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकले आहे. कन्नडमध्ये 'बंदनंते' म्हटले की ते उतरते. पण जबाबाचा गोषवारा लिहिताना, आणि पुढे इंग्रजीत नेताना, तो शेपटीचा शब्द गळतो आणि ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होऊन बसते. 'आपण' आणि 'आम्ही' हा भेदही तसाच. 'आपण गेलो' म्हणजे ऐकणाराही बरोबर होता, 'आम्ही गेलो' म्हणजे नव्हता. बडोद्याकडच्या आपल्या मंडळींना ही अडचण कमी, कारण गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' वेगळे आहेत. कन्नडच्या 'नावु'त आणि हिंदीच्या 'हम'मध्ये मात्र दोन्ही एकत्र होतात. चार जणांपैकी घटनास्थळी कोण होते, असा प्रश्न असेल तर ही बारकी गोष्ट राहत नाही. आणि भाषांतर दोन भाषांतच होते असेही नाही. आपल्याकडच्या आणि कोल्हापूरकडच्या खेड्यांतल्या बायका 'मी जातो', 'मी आलो' म्हणतात. पुणेरी कानाच्या लेखनिकाने ते 'सुधारून' घेतले, तर कुठले वाक्य बाईचे आणि कुठले तिने सांगितलेले दुसऱ्याचे, याचा पत्ता लागणे कठीण.

इथवर कागदाची गोष्ट झाली. कागद चुकला तरी माणसाची आठवण तर शाबूत राहते, असे आपण समजतो. मीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या चित्रफिती दाखवून वेग किती होता, असे विचारले. प्रश्नात फक्त क्रियापद बदलले. गाड्या एकमेकींवर 'आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा' असे विचारले तर सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आले. एकमेकींना 'टेकल्या तेव्हा' असे विचारले तर सुमारे ३२. त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारले, फुटलेली काच दिसली का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. ज्यांना आधी जोरदार क्रियापद वापरून प्रश्न केला होता, त्या ५० जणांतल्या १६ जणांना ती 'दिसली' होती. ज्यांना 'धडकल्या' असे सौम्य क्रियापद वापरून विचारले, त्या ५० जणांतल्या ७ जणांना. हे साक्षीदार खोटे बोलत नव्हते. प्रश्नकर्त्याचा शब्द त्यांच्या आठवणीत शिरून बसला होता आणि त्यांना तो आपलाच वाटत होता. हा प्रयोग एकाच भाषेतला आहे. जिथे प्रत्येक प्रश्न दुभाष्याच्या तोंडून येतो, तिथे क्रियापद दोनदा निवडले जाते.

केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर थेट आमच्या विहिरीपाशी येतो. इंग्रजी आणि स्पॅनिश भाषकांना त्यांनी फुगा फुटणे, अंडे फुटणे अशा घटना दाखवल्या. काही मुद्दाम केलेल्या, काही चुकून झालेल्या. मुद्दाम केलेल्या घटनेतला माणूस दोघांनाही सारखाच आठवला. चुकून झालेल्या घटनेत मात्र तो इंग्रजी भाषकांना अधिक चांगला आठवला, कारण 'त्याने फोडला' असे सांगण्याची त्यांच्या भाषेची रीत. यावरून भाषा माणसाला आंधळे करते असा अर्थ कोणी काढू नये. परिणाम आहे, पण तो मर्यादित आहे. एवढे मात्र खरे की काय लक्षात ठेवायचे, याची निवड भाषा आपल्याला न विचारता करीत असते.

आणखी एक गोष्ट. व्हियोरिका मेरियन आणि उलरिक नाइसर यांनी सोव्हिएत देशांतून अमेरिकेत आलेल्या तरुणांची रशियनमधून आणि इंग्रजीतून मुलाखत घेतली. रशियनमधून विचारले की रशियन बोलण्याच्या काळातल्या आठवणी अधिक वर येत. इंग्रजीतून विचारले की नंतरच्या. हा अभ्यास २००० सालचा. मला त्याचे नवल वाटले नाही. गोकाकच्या घरातले मला मराठीत विचाराल तर मी ओसरी आणि आड एवढेच सांगेन. पण कोणी कन्नडमध्ये दोन वाक्ये बोलले की आजीचा आवाज, कोठीच्या खोलीतला करदंटाचा डबा आणि तो मी चोरला म्हणून मिळालेला धपाटा, सारे एकदम येते. दोन भाषांच्या माणसाला दोन कोठ्या असतात आणि एकीची किल्ली दुसरीला नीट लागत नाही. 'मला तुमची भाषा समजते' असे ठाण्यात सांगणारा साक्षीदार खरे तेच सांगत असतो. पण समजणे निराळे आणि त्या भाषेत आठवणे निराळे.

कायद्याला हे अगदीच ठाऊक नाही, असे नाही. आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानुसार स्थानबद्धाला स्थानबद्धतेची कारणे कळवावी लागतात. 'हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या १९६२ च्या प्रकरणात इंग्रजी न येणाऱ्या माणसाला ती इंग्रजीत दिली आणि हिंदीत तोंडी समजावली. सर्वोच्च न्यायालयाने ते अपुरे ठरवले. पुढे १९८० साली लल्लुभाई जोगीभाई पटेल यांच्या प्रकरणात पोलीस निरीक्षकाने गुजरातीत समजावून सांगितले होते. तेही न्यायालयाने पुरेसे मानले नाही. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत न्यायमूर्ती फॉर्स्टर यांनी 'अनुंगा' प्रकरणात १९७६ साली, म्हणजे आमच्या विहिरीच्या आदल्या वर्षी, आदिवासींच्या चौकशीसाठी काही नियम घालून दिले : दुभाषी द्यावा, उत्तर सुचवणारे प्रश्न टाळावेत, आणि जो इशारा दिला त्याचा अर्थ त्या माणसाकडून त्याच्याच शब्दांत वदवून घ्यावा. यांतला शेवटचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे न्यायालयातली साक्ष शक्य असेल तर साक्षीदाराच्याच भाषेत उतरवावी, आणि लिहिलेले त्याला न समजणाऱ्या भाषेत असेल तर त्याच्या भाषेत समजावून सांगावे, अशी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ती पुढे चालवली आहे. परंतु तपासातला पोलिसांपुढचा जबाब निराळा. त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही, असे कायदाच सांगतो. हेतू चांगला आहे, सक्ती होऊ नये. पण सही नाही म्हणून वाचून दाखवणे नाही, आणि वाचून दाखवणे नाही म्हणून 'साहेब, मी सोडला नाही म्हटलं' असे म्हणण्याची वेळही नाही. २००८ च्या दुरुस्तीने असा जबाब ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा दिली; ती नव्या संहितेतही आहे. ती केवळ मुभा आहे. तरी जिथे तिचा वापर होतो, तिथे मूळ शब्द मूळ आवाजात राहतो, आणि दुभाष्याची चूकही राहते. १९७७ साली अशी सोय असती, तर आज मला आपल्यापुढे केवळ स्वतःच्या आठवणीच्या भरवशावर बोलावे लागले नसते.

त्या चौकशीतून पुढे काही निघाले नाही. अपघाती मृत्यू म्हणून कागद बंद झाले. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि विसरलो. परंतु जबाबातले वाक्य गावात पोहोचले होते. कोणी पोहोचवले ते सांगता येत नाही. अशा वाक्यांना पाय असतात. 'हात सोडला असं त्यानंच लिहून दिलंय', असे भाऊबंद बोलू लागले. वर्षभरात तो मुलगा गाव सोडून बेळगावात आला आणि उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत लागला.

२०१४ साली, मी निवृत्त झाल्यावर, एका लग्नात तो मला भेटला. केस पिकलेले, नातवंड कडेवर. त्यानेच मला ओळखले. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर, मी विषय काढला नसता, तो आपण होऊन म्हणाला, "मी त्याचा हात सोडला बघा, सर. का सोडला, ते अजून कळत नाही."

मी म्हणालो, "तू सोडला म्हणाला नव्हतास. 'माझ्या हातनं सुटला' म्हणाला होतास. सोडला हा माझा शब्द आहे."

त्याने मुलाला खाली ठेवले. "तसं म्हणालो होतो?"

"हो."

"कागदात काय हाय?"

मला खरे ते सांगणे भाग होते. कागदात 'बिट्टे' आहे; मूळ मराठी शब्द कुठल्याच कागदावर नाही. तो म्हणाला, "मग तसंच असंल की."

सदतीस वर्षे हा माणूस माझे भाषांतर स्वतःची आठवण म्हणून वागवत होता. मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितले. पण सांगतानाच माझ्या मनात आले की याला काय वाटत असेल? हे आता आपल्याला बरे वाटावे म्हणून बोलतात, असेच ना? आणि मला तरी खात्री किती? जी संशोधने मी आज आपल्याला सांगितली, ती माझ्या स्मृतीला लागू नाहीत, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? अपराधी मनाला 'सुटला' हा शब्द हवाच असतो. तरीही मला 'हातनं' हा शब्द त्याच्या आवाजात ऐकू येतो. 'हातनं' म्हणणारा माणूस पुढे 'सोडला' म्हणत नाही. मराठीत ते वाक्यच बसत नाही. माझ्या आठवणीला व्याकरणाचा एवढा एकच आधार आहे आणि तो मला पुरेसा वाटतो.

लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मी ते वाक्य त्याच्या बोलीत, जसेच्या तसे लिहिले. वर १९७७ चा मे महिना घातला. खाली सही केली आणि सहीखाली 'दुभाषी' असे लिहिले. त्याला वाचता येत होते. त्याने ते दोनदा वाचले, घडी घालून खिशात ठेवले, आणि पंगत बसली आहे, जेवून घ्या, म्हणाला.